उरलेल्या यकृताचे गणित

यकृताचा निम्म्याहून अधिक भाग काढला तरी माणूस जगू शकतो, हे आता बहुतेकांना ठाऊक असते. कापलेला भाग जागच्या जागी पुन्हा उगवतो, असा मात्र अनेकांचा समज असतो. तसे होत नाही. मागे राहिलेला भागच मोठा होत जातो आणि पहिल्या काही आठवड्यांत ही वाढ सर्वांत वेगाने होते. नेमका हाच काळ कठीण असतो. बिलिरुबिन बाहेर टाकणे, रक्त गोठवणारी प्रथिने बनवणे, साखर सांभाळणे ही सगळी कामे त्या उरलेल्या भागाला पहिल्या दिवसापासून एकट्याने करावी लागतात. ती झेपली नाहीत तर कावीळ वाढते, पोटात पाणी साचते, रुग्ण गुंगीत जाऊ लागतो.

हे संकट ओळखण्याची एक कसोटी फ्रेंच सर्जननी २००५ मध्ये मांडली. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी बिलिरुबिन ठरावीक पातळीच्या वर आणि रक्त गोठण्याची क्षमता निम्म्याच्या खाली असेल, तर जिवाला धोका मोठा. कसोटी उपयोगाची आहे, पण काढलेले यकृत पाचव्या दिवशी परत बसवता येत नाही. उत्तर शस्त्रक्रियेआधीच हवे असते.

ते शोधण्याचा पाया घातला पॅरिसच्या क्लोद क्विनो यांनी. यकृताचे आठ भाग पडतात आणि प्रत्येकाचा रक्तपुरवठा व पित्तनलिका स्वतंत्र असतात, हे त्यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले. पुढे सीटी स्कॅन आल्यावर या भागांचे आकारमान जिवंत माणसात मोजता येऊ लागले. स्कॅनच्या प्रत्येक छेदावर यकृताची कड आखायची, क्षेत्रफळाला छेदाच्या जाडीने गुणायचे आणि बेरीज करायची. शस्त्रक्रियेनंतर किती यकृत उरेल, याचा आकडा त्यातून निघतो. निरोगी यकृतासाठी साधारण २० टक्के, भरपूर केमोथेरपी झालेल्यासाठी ३० आणि सिरॉसिस असेल तर ४० टक्के ही किमान मर्यादा मानली जाते.

आकडा कमी पडला तर? जपानचे मासातोशी माकुउची यांनी १९८० च्या दशकात एक मार्ग रुळवला. काढायच्या भागाकडे जाणारी पोर्टल शिरेची फांदी आधीच बंद करायची. रक्त दुसऱ्या बाजूला वळते आणि राहणारा भाग शस्त्रक्रियेआधीच वाढू लागतो. काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन होतो. ही जणू शस्त्रक्रियेची रंगीत तालीमच असते. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये वाढीच्या वेगावर भर दिला. त्यांच्या अभ्यासात ज्यांचे यकृत आठवड्याला किमान २ टक्के वेगाने वाढले, त्यांच्यापैकी कोणाचेही यकृत शस्त्रक्रियेनंतर निकामी झाले नाही.

पण आकारमानावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. चरबी साचलेले किंवा औषधांनी थकलेले यकृत स्कॅनमध्ये भरपूर मोठे दिसू शकते. म्हणून ॲमस्टरडॅममधील डॉक्टरांनी मेब्रोफेनिन या किरणोत्सारी खूण लावलेल्या द्रव्याची चाचणी वापरली. ते शिरेतून देतात आणि कोणता भाग ते किती वेगाने शोषतो, हे गॅमा कॅमेरा टिपतो. गॅडॉक्सेटिक आम्लाच्या इंजेक्शननंतर केलेल्या एमआरआयचे तत्त्वही असेच. या औषधाचा सुमारे अर्धा भाग यकृताच्या पेशी उचलतात, त्यामुळे वीसेक मिनिटांनी चांगले काम करणारा भाग उजळ दिसतो आणि दुबळा भाग फिका. यकृत किती कडक झाले आहे, हे इलास्टोग्राफी सांगते. सीटी स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळचे स्नायूही मोजता येतात. ते फार झिजलेले असतील तर शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत वाढण्याची शक्यता असते. त्यासाठी वेगळा स्कॅन लागत नाही, म्हणून ही माहिती वाया जाऊ देऊ नये.

भारतात या मोजमापाला आणखी मोठे महत्त्व आहे, कारण इथली बहुतांश यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्यांमुळे होतात. यकृत देणारी बहीण किंवा मुलगा ठणठणीत असतो. त्याच्याकडे किमान ३० टक्के यकृत उरणार नसेल किंवा त्यात चरबी जास्त असेल, तर डॉक्टर नकार देतात. घरच्यांना तो जिव्हारी लागतो, तरीही तो नकार योग्यच असतो.

प्रतिमा सगळे सांगत नाहीत. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पित्ताची गळती आधी दिसत नाही, आणि रक्ततपासण्यांशिवाय स्कॅनचा अर्थही अपुरा राहतो. तरीही मोठ्या शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी रुग्णाने आणि नातेवाइकांनी सर्जनला थेट विचारावे: यकृत किती टक्के उरेल, आणि उरणारा भाग कितपत काम करतो? दुसरे मत घ्यायला जाताना नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका. नव्या-जुन्या स्कॅनच्या सीडी सोबत ठेवा, कारण मोजणी त्या प्रतिमांवरच करता येते.