बियाणं बुकिंगची शीट: बघणार कोण, लिहिणार कोण



आज कीड-रोगावर नाही, ऑफिसातल्या शीटवर लिहिते आहे. विषय कोरडा वाटेल, पण तुमच्या राबात कुठलं बी पडणार ते याच शीटवरून ठरतं, म्हणून वाचाच.

गेल्या वर्षी काय झालं ते बऱ्याच जणांना अर्धवट माहीत आहे. भात बियाण्याचं बुकिंग आपण एका गूगल शीटवर घेत होतो. नाव, गाव, मोबाइल, वाण, पिशव्या, ॲडव्हान्स आणि पुढे बँक खातं. प्रत्येकाला आपली नोंद बघता यावी म्हणून लिंक ग्रुपवर टाकली. घाईत सेटिंग राहिलं 'लिंक असेल तो कुणीही, एडिटर' असं. म्हणजे लिंक ज्याच्या हातात, त्याला सगळं खोडता-बदलता येणार. आणि लिंक एका ग्रुपवर थोडीच थांबते? कळंबवरून कशेळ्याला, तिथून चौकला, पुढे कुठे गेली देव जाणे.

मृगाच्या आधी चार दिवस कुणीतरी फक्त वाणाचा रकाना निवडून तो क्रमाने लावला. नावं जागच्या जागी राहिली, वाण सरकले. वरच्या सगळ्यांना कर्जत-३, खालच्यांना कर्जत-५. शीट अगदी नीटनेटकी दिसत होती, त्यामुळे आम्हाला पत्ताच नाही. त्याच यादीवरून चिठ्ठ्या निघाल्या आणि पिशव्या जायला लागल्या.

चूक पकडली ती आपल्याच एका सभासद काकांनी. माथेरानच्या पायथ्याला त्यांची माळाची जमीन. चिठ्ठी बघून म्हणाले, "ताई, हे निमगरवं माझ्या माळावर कधी पिकायचं? माझं पाणी दसऱ्याच्या आत तुटतं." बरोबरच होतं. कर्जत-३ हळवं आहे, माळाला ते चालतं. निमगरवं तिथे लावलं तर दाणा भरायच्या वेळेला जमीन कोरडी पडते आणि पळींज हाती येतो. आम्ही वाटप थांबवलं, फोनाफोनी केली. बऱ्याच पिशव्या परत आल्या, पण दोघांनी बी भिजत घातलं होतं.

नुकसान तेवढंच असतं तर एक वेळ चाललं असतं. पण "हे केलं कुणी?" यावर गावात जे सुरू झालं ते वाईट. कंप्युटर येणाऱ्या एका मुलाचं नाव झालं. तो नाही म्हणत होता. आम्ही शीटची व्हर्जन हिस्टरी उघडली. त्यात कधी काय बदललं ते दिसतं, पण लिंकवरून आलेल्या माणसाचं नाव तिथे येत नाही, नुसतं 'अनॉनिमस' येतं. (शीट उघडी असताना वर कोल्हा-अस्वलाची चित्रं दिसतात ना, ते हेच निनावी पाहुणे.) त्यामुळे मुलगा खरा की खोटा हे आम्हाला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. चूक सेटिंगची, म्हणजे आमची. बोलणी त्याने खाल्ली.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगते. जुनं व्हर्जन सरळ 'रिस्टोर' केलं की त्यानंतरच्या खऱ्या नोंदीही उडतात. म्हणून आम्ही जुन्या व्हर्जनची वेगळी कॉपी काढून त्यातून फक्त वाणाचा रकाना आणला आणि नंतरच्या नोंदी एकेक करून जुळवल्या.

आता व्यवस्था कशी असावी? आपल्या सातबाऱ्याकडे बघा. महाभूलेखवर कुणाचाही सातबारा कुणीही बघू शकतो. पण लिहायला? फेरफाराची नोंद तलाठी घेतो, संबंधितांना नोटीस काढतो, हरकतीला १५ दिवस देतो, आणि ती नोंद प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. लिहिणारा वेगळा, मंजूर करणारा वेगळा. फेरफार क्रमांक मागे राहतो, म्हणून वीस वर्षांनीही कुठल्या नोंदीने काय बदललं ते काढता येतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली तेव्हा लिहायचा हक्क आपल्यालाही मिळाला, पण किती? आपल्या गटात आपलं पीक, एवढाच. मालकाचं नाव किंवा क्षेत्र तिथून बदलत नाही. २०२२ च्या सुधारित ॲपमध्ये तर आपली नोंदही ४८ तासांत एकदाच दुरुस्त करता येईल असं ठेवलं, आणि १० टक्के नोंदी तलाठ्याने तपासायच्या. सातबाऱ्याची आपली गाऱ्हाणी कमी नाहीत, पण ही वाटणी मला पटते.

यंदा आपणही तेच केलंय. बुकिंगसाठी तुम्हाला शीटची लिंक येणार नाही, फॉर्मची येईल. तुम्ही तुमचं भरायचं, दुसऱ्याचं दिसणार नाही. मूळ शीट कंपनीच्या खात्यावर आहे, कुणाच्या खासगी जीमेलवर नाही. (आधी होती. तो माणूस नोकरी सोडून गेला आणि फाईलची मालकी त्याच्याकडून घ्यायला आमचा महिना गेला.) लिहायची परवानगी तिघांना, प्रत्येकाच्या स्वतःच्या ईमेलवर, म्हणजे बदल नावानिशी दिसेल. 'एडिटर इतरांना परवानगी देऊ शकतात' ही खूण काढून टाकली आहे. ती आपोआप चालू असते, आणि खरी गळती तिथूनच होते. गोडाऊनवाल्या दादांना फक्त 'पिशवी दिली' हा रकाना उघडा, बाकीचे त्यांच्यासाठी प्रोटेक्ट केलेत. विश्वास नाही म्हणून नव्हे, घाईत बोट लागतं म्हणून.

बघण्यासाठी वेगळी फाईल आहे: सभासद क्रमांक, वाण, पिशव्या. नाव नाही, मोबाइल नाही, खातं नाही. गेल्या वर्षी खात्याचा रकाना आम्ही 'हाइड' केला होता आणि निर्धास्त होतो. हाइड म्हणजे कुलूप नाही. एडिटर तो दोन टिचक्यांत उघडतो. प्रोटेक्ट केलेला रकानाही बदलता येत नाही एवढंच, वाचता येतो आणि कॉपीही होतो. जे दिसू नये ते त्या फाईलमध्ये असताच कामा नये. नाव, मोबाइल आणि खातं एकत्र मिळालं की फसवणाऱ्याचं अर्धं काम झालं. "काका, तुमच्या अमुक बँकेच्या खात्याची केवायसी राहिली आहे" असा फोन खराच वाटतो. पीएम किसानच्या नावाने फिरणाऱ्या एपीके फाईलही अशाच येतात, उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. आधारचे शेवटचे चार अंकच आम्ही ठेवतो, पूर्ण नंबर ग्रुपवर टाकू नका.

काकडीच्या लॉटची किंवा बचत गटाची शीट तुमच्यापैकी काही जण मोबाइलवर ठेवतात. त्यांनी आज एवढं बघाच: शीट उघडा, शेअर किंवा मॅनेज ॲक्सेसमध्ये जा. 'जनरल ॲक्सेस' पुढे 'एनीवन विथ द लिंक' आणि 'एडिटर' असेल तर ते 'रिस्ट्रिक्टेड' करा. मग ज्यांनी लिहायचं त्यांचे ईमेल एडिटर म्हणून घाला, बाकीचे व्ह्यूअर. कुणी गट सोडला तर त्याच दिवशी नाव काढा. सगळे मिळून एकच पासवर्ड वापरत असाल तर तो आधी बंद करा, कारण मग हिस्टरीत सगळ्यांचं एकच नाव दिसतं आणि गाडी परत "कुणी केलं" वर येते.

काही जण म्हणतील, लिंक बंद केली म्हणजे ऑफिस काहीतरी लपवतंय. रास्त शंका आहे. म्हणून बघायची फाईल सगळ्यांना उघडी आहे, आणि मूळ शीट ऑफिसात येऊन कुणीही सभासद आपल्या ओळीपुरती स्क्रीनवर बघू शकतो, हिस्टरीसकट.

फॉर्म रविवारी संध्याकाळी ६ ला बंद होईल. सोमवारी यादी टाकू, मंगळवारपर्यंत आपली ओळ तपासा. वाण चुकला असेल तर फोन करा, ग्रुपवर लिहू नका, तिथे मेसेज खाली जातो. सभासद क्रमांक शेअरच्या पावतीवर आहे. पावती सापडत नसेल तर आधी मला विचारा, अंदाजाने शेजाऱ्याचा नंबर टाकू नका.