प्रयोगाच्या नोंदी कोणाच्या दप्तरांत?

खताचा अथवा बियाण्याचा प्रयोग म्हटला म्हणजे आपलें सारें लक्ष मळणीच्या दिवशीं तराजूकडे लागलेलें असतें. अमुक वाफ्यांत इतकें निघालें, तमुक वाफ्यांत तितकें, एवढें समजलें कीं प्रयोग संपला असें आपण मानतों. तो आंकडा ज्या कागदावर उतरला, तो कागद पुढें कोणाच्या दप्तरांत जातो व तेथून पुन्हां कोणाच्या हातीं येऊं शकतो, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. आमच्या मतें ही चौकशी पेरणीच्या आधीं झाली पाहिजे. असें कां म्हणतों, तें एका शेताच्या हकीकतीवरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

लंडन शहराच्या उत्तरेस हार्पेन्डन गांवीं रोथॅमस्टेड नांवाची वाडी आहे. तिचे मालक जॉन बेनेट लॉज यांनीं १८४२ सालीं सुपरफॉस्फेट खताचें पेटंट घेतलें, आणि पुढच्याच वर्षीं जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञास हाताशीं घेऊन ब्रॉडबॉक नांवाच्या शेतांत गव्हाचा प्रयोग मांडला. शेताचे लांब पट्टे पाडले. एकास कांहींच खत नाहीं, एकास दरसाल शेणखत, बाकीच्यांस निरनिराळीं रासायनिक खतें. तेव्हांपासून आजतागायत त्या शेताच्या सर्व अथवा कांहीं भागांत दरसाल गहूं पेरला जात आहे.

लॉज हे स्वतः खताचे कारखानदार होते, हें येथें विसरूं नये. खत विकणारानेंच खताचे गुण गावे, तर त्यावर विश्वास कोणी ठेवावा? परंतु या जोडीनें बिनखताच्या पट्ट्याचें उत्पन्न छापलें, पडत्या सालांचेंही छापलें. जर्मनीचे सुप्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचें म्हणणें असें कीं, जमिनींत खनिज द्रव्यें तेवढीं घालावीं, नत्र पिकास हवेंतून पुरेसें मिळतें. रोथॅमस्टेडच्या पट्ट्यांवर नत्रावांचून गहूं खुरटा राहिला. वाद पुष्कळ वर्षें चालला. पण छापील आंकडे कोणासही पडताळून पाहतां येत होते, म्हणून अखेर त्यांचेंच मानावें लागलें.

दुसरी गोष्ट अशी कीं, वजन लिहून हे लोक थांबले नाहींत. दाण्याचा व काडाचा नमुना, आणि वेळोवेळीं मातीचाही नमुना बाटल्यांत बंद करून त्यांवर साल व पट्टा लिहून ठेवण्याची शिस्त त्यांनीं घालून दिली. आज तेथें असे तीन लाखांहून अधिक नमुने आहेत. १९१९ सालीं रोनल्ड फिशर या तरुण गणितज्ञास तेथें नेमलें, तें मुख्यतः सांचलेल्या आंकड्यांतून कांहीं निष्पन्न होतें काय, हें पाहण्यासाठीं. एकच खत अनेक वाफ्यांस द्यावें व वाफे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, ही आज सर्वत्र रूढ असलेली रीत त्यांनीं तेथें असतांनाच बसविली. आपल्याकडील पानसे व सुखात्मे यांनीं १९५४ सालीं कृषि-संशोधकांसाठीं जो संख्याशास्त्राचा ग्रंथ लिहिला, त्यांतही हीच रीत शिकविली आहे.

सर्वांत नवल २००५ सालीं प्रसिद्ध झालें. जुन्या बाटल्यांतील गव्हांतून संशोधकांनीं रोगबुरशींचा डी. एन. ए. वेगळा काढला, आणि पानांवर डाग पाडणाऱ्या दोन बुरशींपैकीं कोणती केव्हां वरचढ होती, हें दीडशेंहून अधिक वर्षांपर्यंत मागें जाऊन दाखविलें. ती चढउतार कोळशाच्या धुरांतून हवेंत जाणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या प्रमाणाशीं जुळली. लॉज व गिल्बर्ट यांस डी. एन. ए. हें नांवही ठाऊक नव्हतें. पण बाटलीवर साल नसतें, तर तो गहूं कोंबड्यांस टाकण्यापलीकडे कोणत्याच कामाचा नव्हता.

सालाइतकेंच महत्त्व बदलांच्या नोंदीस आहे. तणाच्या त्रासामुळें १९२६ सालीं ब्रॉडबॉकचे आडवे भाग करून पाळीपाळीनें पड टाकूं लागले. १९६८ च्या पिकापासून उंच वाढणारी जुनी जात सोडून आंखूड काडाची, अधिक पिकणारी जात घेतली. या दोन ओळी वहींत नसत्या, तर वाढलेल्या उत्पन्नाचें श्रेय कोणी खतासही देऊन मोकळा झाला असता.

आपल्याकडे पाहूं गेल्यास घोटाळा याहून आधींच सुरू होतो. 'एकरीं दहा पोतीं' असें लिहिलेलें आढळतें; पण पोतें किती वजनाचें, दाणा ओला तोलला कीं वाळवून, एकरांत बांध धरला कीं नाहीं, यांपैकीं कांहींच लिहिलेलें नसतें. लिहिणारास तें पाठ असतें, म्हणून तो लिहीत नाहीं. तो गेला कीं आंकडा मुका होतो. म्हणून वजनमापें, वाफ्यांचा नकाशा, जात, पेरणीची तारीख, पाऊस व पाण्याच्या पाळ्या यांचा तक्ता पेरणीपूर्वींच आंखावा. नोंद एकानें करावी व दुसऱ्यानें तपासावी. प्रती निदान दोन असाव्या व त्या एकाच छपराखालीं असूं नयेत. संगणकांत ठेवलेल्या नोंदींसही हा नियम लागू आहे.

आतां दुसऱ्यांस दाखविण्याचा प्रश्न. सरकारी पैशांतून जमलेली, गोपनीय नसलेली माहिती लोकांस खुली असावी, असें धोरण भारत सरकारनें २०१२ सालीं जाहीर केलें. नोंदी सांपडाव्या, मिळाव्या, इतर नोंदींशीं जुळाव्या व पुन्हां उपयोगीं पडाव्या, अशीं चार तत्त्वें शास्त्रज्ञांनीं २०१६ सालीं मांडलीं. हें सर्व ठीक आहे. परंतु खाजगी विक्रेता आपल्या शेतांत बियाण्याचा प्रयोग घेतो, तेव्हां हें धोरण त्यास बांधीत नाहीं. दहा शेतांपैकीं जीं दोन साधलीं, त्यांचीच छायाचित्रें जाहिरातींत यावीं व आठांचे आंकडे पेटींत राहावे, यास अडविणारें कांहीं नसतें. आणि बियाणें मात्र आपण त्या दोन शेतांवरून विकत घेतों.

शेत देण्यापूर्वीं एक कागद करून घ्यावा, असें आम्ही सुचवितों. नोंदींची पूर्ण प्रत शेतकऱ्यास मळणीनंतर किती दिवसांत मिळेल. पीक बुडालें तरी तें प्रसिद्ध होईल कीं नाहीं. नोंदी तिसऱ्या कोणास देणें झाल्यास शेतकऱ्यास विचारलें जाईल काय, हें त्यांत स्पष्ट असावें. संशोधकास लेख लिहावयास वर्ष दोन वर्षांची मुदत देण्यास हरकत नाहीं. त्याचे श्रम आहेत. मात्र उत्पन्नाचे आंकडे उघडे करणें म्हणजे घर उघडें करणें नव्हे. मालकाचें नांव, गट नंबर, कर्जाची बाकी हीं वेगळ्या कागदावर असावीं व तो कागद प्रयोगाच्या वहीला जोडूं नये. वाफ्यास नुसता आंकडा द्यावा. कोणता आंकडा कोणाच्या शेताचा, याची यादी मंडळाच्या चिटणीसाकडे कुलपांत राहील.