निर्दोष अँजिओग्राफी आणि स्त्रियांचा हृद्रोग

पन्नाशीची स्त्री छातीत जडपणा, धाप व विलक्षण थकवा या तक्रारी सांगते. अँजिओग्राफीत मोठ्या रोहिण्या मोकळ्या आढळतात आणि ‘हृदय ठणठणीत आहे’ असे सांगून तिला घरी पाठविले जाते. वेदना मात्र थांबत नाही. अशी रुग्णा पुष्कळदा वैद्याकडे येते. म्हणून हा विषय आपल्या परिचयाचा असावयास हवा.

अँजिओग्राफीत सुमारे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान वाहिन्या दिसत नाहीत. हृत्पेशींना होणाऱ्या रक्तपुरवठ्याचे नियंत्रण मुख्यतः याच वाहिन्या करतात. अमेरिकेत १९९६ साली सुरू झालेल्या ‘वाइज’ अभ्यासात अशा स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या जणींत सूक्ष्मवाहिन्यांची विस्फारणक्षमता उणावलेली आढळली. त्यांना पुढे हृदयविकाराचा धोकाही अधिक असतो, हे त्यानंतरच्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले.

मानसिक ताणाचा संबंध येथेच येतो. ताणाच्या क्षणी अ‍ॅड्रिनॅलिन व नॉरअ‍ॅड्रिनॅलिन स्रवते, नाडी जलद होते आणि हृदयाची प्राणवायूची गरज वाढते. हृत्स्नायूला बहुतांश रक्त विश्रांतिकाळात मिळते. नाडी जलद झाली की नेमका तोच काळ आखूड होतो. ताण दीर्घकाळ राहिल्यास वाढलेले कॉर्टिसॉल वाहिन्यांच्या अंतःस्तरातील नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती घटविते आणि वाहिन्या अधिक संकोचशील होतात. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेनचे संरक्षणही ओसरते. अर्थात ताण हे एकमेव कारण नव्हे. रक्तदाब, मधुमेह व धूम्रपान यांचा वाटा मोठा आहे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात हृदय व ओज यांच्या रक्षणासाठी मनाला दुःख देणारी कारणे विशेषत्वाने टाळावयास सांगितली आहेत. तथापि कॉर्टिसॉल म्हणजे अमुक दोष, असे सोपे समीकरण मांडणे दोन्ही शास्त्रांवर अन्याय करणारे ठरेल.

व्यवहारात काय करावे? केवळ अम्लपित्त वा वातप्रकोप असे निदान करून थांबू नये. गर्भारपणातील रक्तदाब, रजोनिवृत्ती, निद्रा व घरातील भार यांविषयी आवर्जून विचारावे. सूक्ष्मवाहिन्यांच्या तपासणीसाठी हृद्रोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. विश्रांतीतही न थांबणारी वेदना, घाम वा धाप असल्यास रुग्णेला तत्काळ रुग्णालयात पाठवावे. आणि सर्वप्रथम, तिच्या वेदनेवर विश्वास ठेवावा.