अंथरूण ओलं झालं, म्हणून मुलाला मारू नका

मैत्रिणींनो, शाळेत जाणारं मूल रात्री अंथरुणात शू करतं, तेव्हा "एवढा घोडा झालास!" असं कुणीतरी बोलून जातं. मग ते मूल मामाच्या गावाला जायलाही नको म्हणतं. पण ते मुद्दाम करत नाही. त्याची झोप गाढ असते, लघवीची पिशवी भरली तरी जाग येत नाही. आईवडिलांना लहानपणी हा त्रास असेल, तर मुलालाही होऊ शकतो. 5 वर्षांच्या 100 मुलांत साधारण 15 जणांना तो असतो. वय वाढतं तसा बहुतेकांचा आपोआप थांबतो.

आपण काय करायचं? दिवसभर भरपूर पाणी द्यायचं, संध्याकाळनंतर कमी. रात्री चहा नको. झोपण्याआधी शू करायला लावायची. गोधडीखाली प्लास्टिक घालायचं. पोट साफ राहतं का, तेही बघायचं, कारण बद्धकोष्ठानेही हा त्रास वाढतो. भावंडांना चिडवू द्यायचं नाही.

मात्र सहा महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, लघवीला जळजळ झाली, ताप आला, दिवसाही कपडे ओले झाले किंवा फार तहान लागली, तर थांबू नका. आशाताईंना सांगा, मुलाला आरोग्य केंद्रात दाखवा. गोधडी उन्हात वाळते. मुलाच्या मनाला लागलेलं लवकर भरत नाही.