मामाच्या वहीतले आठ आकडे

दोस्तांनो, तुमच्या घराला माळा आहे? नसेल तर पलंगाखालची पत्र्याची पेटी, कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा, गेलाबाजार "कधीतरी लागेल" म्हणून ठेवलेल्या वस्तूंचा एखादा कोपरा तरी असेलच. आज आपल्याला तिथंच जायचंय. पण त्याआधी थोडं कसाऱ्याला जाऊन येऊ.

मध्य रेल्वेची लोकल कसाऱ्याला संपते. आमची मे महिन्याची सुट्टी तिथून सुरू व्हायची, कारण माझा मामा तिथं राहायचा. १९८९ सालच्या सुट्टीत मामानं पुण्याहून एक खोकं आणलं. आतून निघाला पाटीएवढा एक काळा चपटा डबा. वर नुसती बटणं!

"मामा, हे काय आहे?"

"संगणक."

"मग याचा टीव्ही कुठाय?"

"तो काय, आजी बघत बसलीय तो!"

आणि खरंच, आजीचा काळा-पांढरा टीव्ही हाच त्या संगणकाचा पडदा झाला. आजी दोन दिवस रुसली होती, ती गोष्ट वेगळी.

टेपरेकॉर्डरमधून येणारी गेम

या यंत्राचं नाव होतं स्पेक्ट्रम प्लस. मूळचा स्पेक्ट्रम इंग्लंडचा. क्लाईव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनं तो एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणला. सामान्य घरातल्या मुलांनाही संगणक मिळावा, म्हणून तो होता होईल तेवढा स्वस्त ठेवला होता. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं १९८६ मध्ये रीतसर परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' काढला. मामाकडे होता तो हाच.

त्या वेळी घरच्या संगणकात हार्ड डिस्क नसायची, इंटरनेट तर नाहीच. मग गेम यायची कुठून? गाण्यांच्या कॅसेटवरून! टेपरेकॉर्डर वायरनं संगणकाला जोडायचा आणि कॅसेट सुरू करायची. आतून कुणीतरी फुटकी पिपाणी वाजवतंय असा आवाज यायचा आणि पडद्याच्या कडेला पट्टे नाचायला लागायचे. तो आवाज म्हणजेच गेम, बरं का! संगणकाला फक्त शून्य आणि एक कळतात. कॅसेटवर शून्याचा सूर आखूड आणि एकाचा लांब. संगणक ते सूर ऐकून आकडे लिहून घ्यायचा. मोठी गेम यायला चार-पाच मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ आम्ही श्वास रोखून बसायचो. मध्येच सूर बिघडला, तर पडद्यावर 'टेप लोडिंग एरर' असा निरोप यायचा. मग कॅसेट मागे घ्या आणि पहिल्यापासून सुरुवात करा!

एका फोटोत चौसष्ट संगणक

आता थोडं गणित करू. मामाच्या संगणकाची स्मृती होती ४८ केबी. आजच्या मोबाईलवरचा ३ एमबीचा एकच फोटो साठवायचा, तर असे ६४ संगणक शेजारी शेजारी मांडावे लागतील! आणि एवढ्याशा जागेत त्या काळची पोरं अख्खी गेम बसवायची. कशी? युक्त्या करून.

स्पेक्ट्रमचा पडदा म्हणजे २५६ आडवे आणि १९२ उभे ठिपके. जागा वाचवायला पडद्याचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडले होते. एका चौकोनात दोनच रंग वापरता यायचे. त्यामुळे गेममधला हिरो झाडाजवळ गेला, की कधी तो हिरवा व्हायचा, तर कधी झाड त्याचा रंग घ्यायचं. आमचा टीव्ही काळा-पांढरा, म्हणून ही गंमत आम्हांला फार उशिरा कळली.

'सुपर मारिओ' तुम्हांला माहीतच असेल. ही गेम १९८५ ची, आणि अवघ्या ४० केबीत बसवलेली. पुढच्या वेळी खेळाल तेव्हा आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं नीट पाहा. आकार अगदी एकच! ढगाला हिरवा रंग दिला की झालं झुडूप. एका चित्रात दोन कामं. आईच्या जुन्या साडीची गोधडी होते ना, तसंच हे.

कॅसेटवाला व्हिडिओ गेम

नव्वदच्या दशकात गावोगावी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले. त्यांतले बरेचसे जपानच्या निन्टेंडो कंपनीनं १९८३ मध्ये काढलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला होते. त्यात खोचायच्या जाड चौकोनी डबीलाही आपण कॅसेटच म्हणायचो. डबीवर छापलेलं असायचं '९९९९९९ इन १'. घरी येऊन पाहावं, तर त्याच पाच-दहा गेम पुन्हा पुन्हा. आणि तरीही आमची काही तक्रार नसायची.

'काँट्रा' खेळलेल्या आईबाबांना आज एक प्रश्न विचारून पाहा : "वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, मग काय?" त्यांनी पटकन "बी, ए, स्टार्ट!" म्हटलं, तर समजा ते तयारीचे खेळाडू. या कळांनी तीन ऐवजी तीस जीव मिळायचे. ही युक्ती आधी आली ती १९८६ मध्ये, 'ग्रॅडियस' या गेममध्ये. ती बनवणारे काझुहिसा हाशिमोतो यांना तपासणी करताना स्वतःचीच गेम फार कठीण वाटायला लागली! म्हणून त्यांनी स्वतःपुरती ही चोरवाट ठेवली, ती गेममध्ये तशीच राहिली आणि जगभर पसरली.

बदकं मारायची गेम तर खास. 'डक हंट' तिचं नाव. बंदुकीतून पडद्यावर काही सुटत असेल, असं आम्हांला वाटायचं. खरी गोष्ट उलटीच होती. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. बंदुकीच्या नळीत होता प्रकाश ओळखणारा डोळा. त्याला पांढरं दिसलं तर नेम लागला, काळं दिसलं तर हुकला. आजच्या चपट्या टीव्हीवर ही बंदूक चालत नाही, कारण तिचं गणित जुन्या डबा टीव्हीच्या वेगावर बेतलेलं आहे. तो टीव्ही भंगारात गेला, की ती बंदूकही मुकी झाली.

बत्ती गुल!

या खेळांत एक मोठा शत्रू होता, आणि तो पडद्याबाहेर होता. कसाऱ्याला वळवाचा पाऊस आला, की पहिला थेंब पडायच्या आत दिवे जायचे. तो पहिला 'सुपर मारिओ' खेळ साठवून ठेवत नसे. आठव्या दुनियेत पोचलात आणि वीज गेली, तर पुन्हा पहिल्या दुनियेपासून चाला. माझा मामेभाऊ अशा वेळी रडायचा. मी मोठा होतो, म्हणून नुसता अंगणात जाऊन उभा राहायचो.

मामाचं नुकसान याहून मोठं झालं. मामा नुसता खेळत नव्हता, तर त्यानं स्वतःची गेम लिहिली होती. कसारा ते इगतपुरी हा घाटातला रेल्वेमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. इथला चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की गाडी एक मीटर वर चढते. त्यासाठी कसाऱ्याला गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. मामाच्या गेममध्ये मालगाडीचे डबे मोजून किती बँकर लावायचे ते ठरवायचं. कमी लावले तर गाडी मागं घसरली आणि डाव संपला! मामानं दोन महिने रात्री जागून हा प्रोग्रॅम टाईप केला होता. लिहिताना तीनदा वीज गेली. वीज गेली की स्मृती कोरी. शेवटी एकदाचा तो पुरा झाला आणि त्यानं तो कॅसेटवर उतरवून ठेवला.

१९९१ मध्ये आमच्या मावशीचं लग्न झालं. कुणाला तरी कोरी कॅसेट हवी होती, आणि मामाच्या कॅसेटवर नाव नव्हतं. पुढच्या सुट्टीत आम्ही मोठ्या हौसेनं ती लावली, तर आतून ऐकू आली मंगलाष्टकं! मामानं कॅसेट उलटीपालटी करून पाहिली. जरा वेळानं म्हणाला, "चला, लग्न तरी नीट झालं." पण त्यानं ती गेम पुन्हा लिहिली नाही. पुढं कधीतरी तो काळा डबाही भंगारवाल्याच्या तराजूत गेला. राहिलं ते त्याच्या वहीतलं एक पान. त्यावर आठ आकडे.

दोस्तांनो, हे फक्त मामाचंच झालं असं नाही. व्हिडिओ गेमचा इतिहास जपणाऱ्या एका अमेरिकन संस्थेनं २०२३ मध्ये पाहणी केली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या दर शंभर गेमपैकी ८७ गेम आता दुकानात विकत मिळत नाहीत, असं त्यांना आढळलं. म्हणजे ज्यांच्या माळ्यावर त्या पडल्या आहेत, तेच त्यांचे राखणदार!

छंद सुरू कसा करायचा?

सगळ्यात आधी घरात विचारा. जुना व्हिडिओ गेम, त्याच्या डब्या, कॅसेटी, वह्या काही आहे का? शाळेतही विचारा. १९८४-८५ मध्ये सरकारच्या 'क्लास' नावाच्या योजनेत देशातल्या काही शाळांना बीबीसी मायक्रो जातीचे संगणक मिळाले होते.

काही सापडलं, तर लगेच प्लग लावू नका! मोठ्या माणसाला सोबत घ्या. जुना टीव्ही तर कधीही उघडायचा नाही. बंद केल्यावरसुद्धा त्याच्या काचेच्या नळीत जोराचा झटका देण्याइतकी वीज साठलेली असू शकते. बाहेरून धूळ पुसा, नाव आणि वर्ष चिठ्ठीवर लिहा, आणि ते कुणी, कधी, कुठून आणलं ते घरच्यांना विचारून वहीत उतरवा.

कॅसेट सापडली तर तिच्या पाठीवरचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाका. मग तिच्यावर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. मामाला हे तेव्हा सुचलं असतं तर! कॅसेटवरचे सूर आजच्या संगणकात उतरवून घेता येतात, आणि त्यातून जुनी गेम परत मिळवणारे प्रोग्रॅमही आहेत.

यंत्र नसेल तरी बिघडत नाही. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे प्रोग्रॅम असतात. त्यांना एम्युलेटर म्हणतात. आईबाबांच्या मदतीनं एखादा मोफत एम्युलेटर घ्या. काही जुन्या गेम त्यांच्या निर्मात्यांनीच फुकट वाटायला परवानगी दिली आहे, तेवढ्याच घ्या.

आईबाबांसाठी दोन शब्द

"जुन्या गेम कशाला? अभ्यास कर!" असं तुमच्या ओठांवर आलं असेल. वेळेचं बंधन जरूर घाला. पण एक लक्षात घ्या. आजचा मोबाईल आत कसा चालतो, हे एका माणसाला पुरतं कळणं अवघड. ही जुनी यंत्रं मात्र एका मुलाच्या डोक्यात मावतील एवढीच आहेत. चालू केलं की थेट 'मला काय सांगतोस?' असं विचारतात. शिवाय या गेम संपलेल्या नाहीत. निन्टेंडोवरची 'टेट्रिस' खेळत खेळत यंत्रच थिजेपर्यंत पोचणारा पहिला खेळाडू होता अमेरिकेतला १३ वर्षांचा मुलगा, आणि तेही डिसेंबर २०२३ मध्ये! आणि हो, तुम्हीही सोबत खेळा. 'काँट्रा' दोघांना मिळून खेळता येते.

आणि ते आठ आकडे

आता मामाच्या वहीतलं पान. चौकटीच्या वहीत ८ बाय ८ घरांचा चौकोन आखा. उभ्या रांगांच्या डोक्यावर डावीकडून लिहा : १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. मामाचे आकडे आहेत :

१२६, २५५, १५३, १५३, २५५, १८९, २५५, ६६.

एकेका आकड्याची एक आडवी ओळ. आकड्याची बेरीज होईल अशी घरं काळी करायची. शेवटचा आकडा ६६, म्हणजे ६४ अधिक २. त्या ओळीत फक्त ६४ आणि २ खालची घरं काळी. २५५ असेल तर सगळीच काळी. संगणकही चित्र असंच लक्षात ठेवतो.

आठही ओळी भरल्या की वही जरा लांब धरा आणि डोळे बारीक करून पाहा. कसाऱ्याच्या फलाटावर उभं राहिलं की जे समोरून येताना दिसतं, तेच तुम्हांला दिसेल. मामाच्या गेममधलं आता एवढंच शिल्लक आहे. म्हणून म्हणतो, चित्र पुरं झालं की त्याखाली तुमचं नाव आणि तारीख लिहा, आणि ती वही भंगारात देऊ नका!