प्रागचा पोरगा, हेगचा गुरू

गेल्या वर्षी आमच्या लेकीने कॉलेजच्या अर्जात 'मेजर'च्या रकान्यात 'डान्स' असं लिहिलं आणि पुढचे चार दिवस आमच्या घरी जेवताना फक्त चमच्यांचा आवाज येत होता. आम्ही दोघेही इंजिनिअर. दोन सुटकेसेस घेऊन एम.एस.ला आलो, नोकरी धरली, घर घेतलं. नाचून पोट कसं भरणार, हा आमचा सरळ प्रश्न होता. लेकीने वाद घातला नाही. "आई-बाबा, फक्त सतरा मिनिटं द्या," म्हणाली आणि एक व्हिडिओ लावून दिला.

तो बॅले होता यिरी किलियान यांचा 'पेतीत मोर'. मोत्सार्टच्या दोनशेव्या स्मृतिवर्षानिमित्त १९९१ साली साल्झबुर्ग महोत्सवासाठी बसवलेला. सहा पुरुष, सहा स्त्रिया आणि सहा बारीक पात्याच्या तलवारी. पुरुष आधी तलवारींबरोबरच नाचतात, जणू त्याच जोडीदारणी. मग काळ्या, ताठ, दरबारी झग्यांतल्या बायका येतात आणि एकदम लक्षात येतं, की झगे त्यांनी घातलेलेच नाहीत. ते चाकांवर सरकताहेत! आमच्यातला इंजिनिअर तिथेच विरघळला. मग आम्ही या माणसाची माहिती काढायला बसलो.

किलियान यांचा जन्म १९४७ चा, प्रागचा. आई नर्तकी. पोराला मात्र सर्कशीत कसरती करायच्या होत्या. नवव्या वर्षी तो बॅलेच्या शाळेत गेला, पुढे प्राग कॉन्झर्व्हेटरीत. १९६७ मध्ये शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये. म्हणजे वाचकहो, आपल्यासारखाच 'फॉरेन स्टुडंट'! १९६८ मध्ये स्टुटगार्ट बॅलेत नोकरी मिळाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. आपण निदान दर दोन-तीन वर्षांनी तिकीट काढून घरी जातो. त्याच्या देशाचं दार पुढे वीस वर्षं किलकिलंच राहिलं.

स्टुटगार्टचे प्रमुख जॉन क्रँको यांची मोठी गोष्ट ही, की ते आपल्या नर्तकांना स्वतःचं काही बसवायला उत्तेजन देत. जॉन नॉयमायर आणि विल्यम फोर्साइथ हे दोघेही तिथूनच पुढे आले. किलियाननेही १९७० मध्ये पहिली रचना तिथेच केली. १९७३ मध्ये क्रँको अमेरिकेहून परतताना विमानातच वारले. दोनच वर्षांनी, अठ्ठाविसाव्या वर्षी, किलियानकडे हेगच्या नेदरलंड्स डान्स थिएटरची सूत्रं आली. १९९९ पर्यंत त्यांनी ती सांभाळली.

खरं नाव झालं ते १९७८ मध्ये, आणि तेही इथे अमेरिकेत, साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनच्या स्पोलेटो महोत्सवात. नाच होता 'सिन्फोनिएटा', संगीत यानाचेकचं. देश सुटलेल्या चेक माणसाने चेक संगीतावर डच कंपनीकडून नाचवून घेतलं आणि अमेरिकन प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं. यानाचेकच्या तुताऱ्यांवर नर्तक स्टेजभर अशा काही उड्या घेतात, की आपल्यालाच मोकळं वाटतं.

किलियान तिथे थांबले नाहीत. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या ग्रूट आयलंड बेटावर आदिवासींचा मोठा नृत्यमेळा भरला, तिथे ते गेले. त्यांच्या पावलांची नक्कल न करता त्या अनुभवावरून १९८३ मध्ये 'स्टॅम्पिंग ग्राउंड' बसवलं. तिथे एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं होतं, तुम्ही का नाचता? त्याने सांगितलं, की मला वडिलांनी शिकवलं, आणि मला ते मुलाला द्यायचं आहे म्हणून.

हे वाचून आम्ही दोघे गप्प बसलो. आमच्या वडिलांनी आम्हाला नाच दिला नाही, लॉगरिदमची पुस्तकं दिली. आणि लेकीला आठ वर्षं रविवारी सकाळी भरतनाट्यमच्या क्लासला गाडीने पोचवलं ते आम्हीच की! 'आपली संस्कृती कळावी' म्हणून. तिने ती मनावर घेतली, एवढाच तिचा गुन्हा.

आणखी एक गोष्ट आमच्या वयाच्या मंडळींसाठी. बॅले नर्तक चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. किलियाननी तरुण उमेदवारांसाठी १९७८ मध्ये दुसरी शाखा काढली होती. १९९१ मध्ये तिसरी काढली, ती खास चाळिशी ओलांडलेल्यांसाठी! त्यांची जीवनसाथी साबिने कुफरबर्ग हीही त्यात नाचली. शरीर पूर्वीइतकं उंच उडत नसेल, पण त्याला सांगायला जास्त असतं, हा त्यामागचा विचार. ही शाखा २००६ मध्ये बंद झाली, पण पंधरा वर्षं तिने जगाला दाखवून दिलं. गुडघेदुखीवाल्या आम्हाला तेवढाच धीर!

पोट कसं भरणार, याचं उत्तर आम्हाला अजून मिळालेलं नाही. किलियान लाखात एक, हेही आम्हाला कळतं. पण लंडनला निघालेल्या त्या वीस वर्षांच्या पोराजवळ तरी ते उत्तर कुठे होतं? आणि खरं सांगायचं तर, दोन सुटकेसेस घेऊन निघताना आमच्याजवळ तरी कुठे होतं?

अर्ज गेला. फीच्या कागदांवर आम्ही दोघांनी सह्या केल्या. आता घरात जेवताना पुन्हा गप्पा होतात. बहुतेक त्या फीबद्दलच असतात, ते सोडा.