उतारा समजतो, मग उत्तर का चुकते?

उच्च शिक्षणासाठी ब्रिटन वा ऑस्ट्रेलियाला जाणारा अभियांत्रिकीचा पदवीधर असो, की तेथील रुग्णालयात नोकरी मिळविण्यासाठी धडपडणारी परिचारिका. दोघांनाही बहुधा ‘आयईएलटीएस’ या इंग्रजी भाषा परीक्षेच्या उंबरठ्यावरून जावे लागते. १९८९ पासून घेतल्या जाणाऱ्या या परीक्षेत श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण अशा चार कौशल्यांची कसोटी लागते. यांपैकी संभाषण आणि लेखनाची धास्ती बहुतेकांना असते. त्यासाठी शिकवणी लावली जाते, आरशासमोर उभे राहून बोलण्याचा सराव केला जातो. वाचनाच्या वाट्याला मात्र उपेक्षा येते. ‘शाळेपासून वाचतच तर आलो आहोत, त्यात वेगळे काय करायचे?’ हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात अपेक्षित गुण अर्ध्या बँडने हुकतात ते पुष्कळदा याच विभागात. उतारा समजलेला असतो, तरीही उत्तर चुकलेले असते. असे का होते आणि त्यावर कोणता सराव उपयोगी पडतो, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

परीक्षेचे स्वरूप

वाचन विभागासाठी ६० मिनिटे आणि ४० प्रश्न असतात. प्रत्येक प्रश्नाला एकच गुण आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. त्यामुळे एकही जागा कोरी सोडू नये, हा पहिला नियम. ‘अॅकॅडेमिक’ प्रकारात तीन दीर्घ उतारे असतात. पुस्तके, नियतकालिके आणि वृत्तपत्रे यांतून ते निवडलेले असतात व त्यांची एकत्रित शब्दसंख्या साधारण २,१५० ते २,७५० इतकी असते. ‘जनरल ट्रेनिंग’ प्रकारात जाहिराती, सूचनापत्रके, कार्यालयीन माहिती आणि शेवटी एक मोठा उतारा असे साहित्य असते.

४० पैकी मिळालेल्या गुणांचे रूपांतर ० ते ९ या बँडमध्ये केले जाते. अॅकॅडेमिक प्रकारात साधारणपणे २३ उत्तरे बरोबर आल्यास ६ बँड, ३० ला ७ आणि ३५ ला ८ बँड मिळतो. प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार यात एखाद्या गुणाचा फरक पडतो. जनरल ट्रेनिंगचे साहित्य तुलनेने सोपे असल्याने तेथे ६ बँडसाठीच सुमारे ३० उत्तरे बरोबर असावी लागतात.

या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे नोंदणीसाठी वाचन, श्रवण आणि संभाषणात किमान ७, तर लेखनात ६.५ बँड लागतो. वाचनात २९ उत्तरे बरोबर आलेल्या परिचारिकेला साधारणतः ६.५ बँड मिळेल. संभाषणात तिने ८ बँड मिळविला असला, तरी ही उणीव त्यातून भरून निघत नाही. दोन प्रयत्नांचे गुण एकत्र करण्याची सवलत काही अटींवर मिळते. पण त्यासाठीही पुन्हा परीक्षेला बसावे लागतेच. भारतात या परीक्षेचे शुल्क पंधरा हजार रुपयांहून अधिक आहे. म्हणजे एका प्रश्नाची किंमत केवळ एक गुण नसते. पुन्हा भरावे लागणारे शुल्क आणि लांबणीवर पडलेली नोकरी हीही तिची किंमत असते.

शाळेतील सवय आड येते

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास २००० मध्ये सुरुवात झाली. त्यापूर्वीच्या पिढीची इंग्रजीशी ओळख पाचवीत होत असे. ओळख लवकर होऊ लागली, तरी उताऱ्यावरील प्रश्न सोडविण्याची रीत फारशी बदलली नाही. प्रश्नातला मुख्य शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तो ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य जसेच्या तसे उतरवून काढायचे, ही ती रीत. शालेय परीक्षेत ती चालून जाते.

आयईएलटीएसमध्ये नेमकी हीच सवय घात करते. येथे प्रश्नातील शब्द आणि उताऱ्यातील शब्द मुद्दामच वेगळे ठेवलेले असतात. उताऱ्यात ‘उत्पन्न निम्म्यावर आले’ असे असेल, तर प्रश्नात ‘मिळकतीत मोठी घट झाली’ असे असते. उलट, प्रश्नातला शब्द जेथे हुबेहूब दिसतो तेथे अनेकदा सापळा असतो. शब्दाला शब्द जुळविण्याऐवजी अर्थाला अर्थ जुळविणे, हे या परीक्षेचे सूत्र आहे.

‘चूक’ आणि ‘माहिती दिलेली नाही’

सर्वाधिक गोंधळ उडतो तो ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ या प्रश्नप्रकारात. दिलेले विधान उताऱ्याशी जुळते का, उताऱ्याच्या विरोधात जाते का, की त्याबाबत उतारा काहीच सांगत नाही, हे ठरवायचे असते. समजा, उताऱ्यात असा मजकूर आहे : ‘मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम सुरू झाली. १९०७ मध्ये विजेवर चालणारी ट्राम आली आणि १९६४ मध्ये शहरातील ट्रामसेवा कायमची बंद झाली.’

आता तीन विधाने पाहू. पहिले : ‘विजेची ट्राम येण्यापूर्वी मुंबईत जनावरांच्या साहाय्याने ट्राम चालविली जात असे.’ उताऱ्यात ‘जनावर’ हा शब्द नाही. पण घोडा हे जनावरच असल्याने उत्तर ‘ट्रू’. दुसरे : ‘मुंबईची ट्राम १९७० नंतरही धावत होती.’ १९६४ मध्ये सेवा बंद झाली असे उतारा सांगतो, म्हणजे विधान थेट विरोधात जाते, उत्तर ‘फॉल्स’. तिसरे : ‘प्रवासी कमी झाल्यामुळे ट्रामसेवा बंद करण्यात आली.’ सेवा बंद झाल्याचे उताऱ्यात आहे, कारण मात्र नाही. म्हणून उत्तर ‘नॉट गिव्हन’.

तिसऱ्या विधानाशी अनेक जण अडखळतात. कोणाला ते खरे वाटते, कोणाला खोटे. कारण मुंबईविषयी वाचकाला आधीच काही ठाऊक असते आणि तो उताऱ्यातली रिकामी जागा स्वतःच्या माहितीने भरून काढतो. विषय जितका ओळखीचा, तितका हा धोका मोठा. यावर एक साधी शिस्त आहे. ‘फॉल्स’ लिहिण्यापूर्वी विधान खोडून काढणारे वाक्य उताऱ्यात बोटाने दाखविता आले पाहिजे. तसे वाक्य सापडत नसेल, तर ‘नॉट गिव्हन’चा विचार करावा.

लहान शब्द, मोठा फरक

मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. वाक्याचा होकार-नकारही शेवटीच कळतो. इंग्रजीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या पूर्वार्धातच येऊन जातात आणि पुढे पुरवणी वाक्यांची लांबलचक माळ लागते. मराठी वाचनाच्या सवयीने वाक्याच्या शेवटावर लक्ष ठेवणाऱ्याच्या नजरेतून मधला ‘हार्डली’, ‘रेअरली’ किंवा ‘अनलेस’ निसटतो आणि अर्थ उलटा होतो. ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच आणि ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आहेत, हा एका अक्षराचा फरकही असाच.

‘ऑल’, ‘मोस्ट’, ‘सम’, ‘ओन्ली’, ‘मे’ आणि ‘मस्ट’ हे शब्द तर उत्तराचा काटा फिरवितात. उताऱ्यात ‘बहुतेक शेतकरी’ आणि विधानात ‘सर्व शेतकरी’ असेल, तर विधान जुळत नाही. तेव्हा लांब वाक्य आले की आधी कर्ता आणि मुख्य क्रियापद शोधावे, मग मर्यादा घालणारे शब्द टिपावेत आणि तपशील शेवटी पाहावा. रोज अशी पाच लांब वाक्ये उलगडून त्यांचा अर्थ स्वतःच्या मराठीत एका ओळीत लिहिण्याचा सराव फार उपयुक्त ठरतो. प्रत्येक शब्दाचे भाषांतर मात्र करू नये. परीक्षेत त्यासाठी वेळ नसतो.

वेळेचे गणित

मिनिटाला २०० शब्द या गतीने वाचणाऱ्यास तिन्ही उतारे एकदा वाचण्यासाठी १४ मिनिटांच्या आसपास वेळ पुरतो. उत्तरांसाठी ४६ मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे एक मिनिटाहून थोडा अधिक वेळ उरतो. हीच गती मिनिटाला १०० शब्द असेल, तर निव्वळ वाचनातच सुमारे २७ मिनिटे जातात. आपली गती मोजणे सोपे आहे. ३०० शब्दांचा अनोळखी मजकूर घड्याळ लावून वाचावा आणि नंतर न पाहता त्याचा आशय दोन वाक्यांत सांगावा. आशय सांगता आला तरच ती गती खरी मानावी.

उतारे उत्तरोत्तर अवघड होत जातात, गुण मात्र सर्व प्रश्नांना सारखेच असतात. म्हणून पहिल्या उताऱ्यावर २० मिनिटांपेक्षा अधिक वेळ खर्च करू नये. एखाद्या प्रश्नावर दीड मिनिटाहून जास्त अडकल्यास खूण करून पुढे जावे. लेखी पद्धतीच्या परीक्षेत श्रवण विभागानंतर उत्तरे उतरविण्यासाठी वेगळी १० मिनिटे मिळतात. वाचनात ती मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

‘ट्रू-फॉल्स’ प्रकारातील उत्तरे उताऱ्यात प्रश्नांच्याच क्रमाने येतात. दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाची जागा सापडली, तर तिसऱ्याचे उत्तर त्यांच्या दरम्यान शोधावे. परिच्छेदांना शीर्षके जुळविण्याच्या प्रश्नात मात्र असा क्रम नसतो. तेथे एखाद्या उदाहरणावर किंवा आकड्यावर भुलून न जाता संपूर्ण परिच्छेद कशाविषयी आहे, ते पाहावे. रिकाम्या जागा भरताना शब्दमर्यादा काटेकोर असते. दोनच शब्द मागितले असताना तीन लिहिल्यास आणि स्पेलिंग चुकल्यास गुण मिळत नाही.

सराव कसा करावा?

रोज एक प्रश्नपत्रिका सोडवायची, गुण मोजायचे आणि दुसऱ्या दिवशी नवी घ्यायची, अशी अनेकांची पद्धत असते. यातून गुण वाढत नाहीत. आहे तीच चूक पक्की होते. आठ आठवडे हाताशी असतील, तर पहिले दोन आठवडे घड्याळ बाजूला ठेवून एकेक उतारा सावकाश सोडवावा. प्रत्येक उत्तरासमोर ते उताऱ्यातील कोणत्या ओळीवरून दिले, हे लिहावे. पुढील चार आठवडे एका उताऱ्याला २० मिनिटे हे बंधन पाळावे. शेवटचे दोन आठवडे आठवड्यातून दोन-तीनदा सलग ६० मिनिटांची पूर्ण परीक्षा द्यावी.

या काळात चुकांची एक वही ठेवावी. प्रत्येक चुकीपुढे कारण नोंदवावे : शब्द माहीत नव्हता, वाक्य उलगडले नाही, स्वतःची माहिती मिसळली, की वेळ संपला? पंधरा दिवसांनी वही चाळली, की आपले कच्चे दुवे आपोआप समोर येतात. शब्द माहीत नसल्याने चुका होत असतील, तर शब्दसंग्रहावर भर द्यावा; मिसळलेल्या माहितीमुळे होत असतील, तर शब्द पाठ करून काहीही साधणार नाही.

साहित्यासाठी फार खर्च करण्याची गरज नाही. केंब्रिजने प्रसिद्ध केलेले प्रश्नपत्रिकांचे संच परीक्षेच्या स्वरूपाशी सर्वांत जवळचे आहेत. त्याखेरीज गावातील सार्वजनिक वाचनालयात येणाऱ्या इंग्रजी दैनिकाचे विज्ञान, पर्यावरण व इतिहासविषयक लेख रोज अर्धा तास वाचावेत. प्रत्येक परिच्छेदाला स्वतः शीर्षक द्यावे आणि नंतर लेखावर तीन विधाने तयार करावीत : एक जुळणारे, एक विरोधी आणि एक माहिती नसलेले. प्रश्न काढणाऱ्याच्या जागी एकदा बसून पाहिले, की त्याने लावलेले सापळे ओळखू येऊ लागतात.

वाचनाचे आकलन ही पाठांतराने येणारी गोष्ट नव्हे. पण ती उपजत देणगीही नव्हे. नियमित वाचन आणि स्वतःच्या चुकांचा प्रामाणिक हिशेब यांतून ती कोणत्याही माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला साध्य होऊ शकते. परीक्षेची तारीख निश्चित करण्यापूर्वी घरी दिलेल्या सलग तीन सराव परीक्षांत अपेक्षित गुणांपेक्षा दोन-तीन गुण अधिक मिळत आहेत ना, एवढे मात्र अवश्य तपासून पाहावे. शुल्क त्यानंतरच भरलेले बरे!